शतपावलीला कोण जातं?

लंडनच्या डबलडेकर बसवर पूर्वी दोन माणसं काम करत. एक चालक आणि एक गाडीभर फिरणारा वाहक. दोघं साधारण एकाच थरातले, एकाच शहराची हवा खाणारे, एकाच आगारातले. फरक कामाचा. चालक पाळीचा जवळजवळ सगळा वेळ बसून असे; वाहक तिकिटं देत जिन्याने वर-खाली करत राही, आणि एका पाळीत त्याच्या पाच-सहाशे पायऱ्या सहज होत. जेरी मॉरिस या डॉक्टरने दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात अशा हजारो कर्मचाऱ्यांच्या आजारपणाच्या नोंदी तपासल्या आणि १९५३ साली ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष मांडला. वाहकांना हृदयविकार चालकांपेक्षा कमी होत होता, आणि ज्यांना झाला त्यांच्यातही तो तडकाफडकी जीव घेण्याचं प्रमाण कमी होतं. पायी किंवा सायकलवरून पत्रं वाटणारा पोस्टमन आणि टेबलापाशी बसणारा कारकून यांच्यातही असाच फरक दिसला. एक शंका मॉरिसच्याही मनात होती: मुळात स्थूल माणसंच चालकाच्या नोकरीकडे वळत असतील तर? म्हणून त्याने गणवेशाच्या पॅन्टींची मापं पाहिली. चालकांची कंबर खरोखरच मोठी निघाली, अगदी तरुण वयापासून. पण पुढे सारख्या बांध्याचे चालक आणि वाहक समोरासमोर ठेवून पाहिले, तरी वाहकांची बाजू उजवीच राहिली.

व्यायामाचा आणि हृदयाचा संबंध आज इतका सर्वमान्य आहे, की तो कधीकाळी कुणाला तरी शोधून काढावा लागला हे आपण विसरतो. मला मात्र या अभ्यासातल्या त्या वाहकाचं जास्त आकर्षण आहे. त्याने एक जानेवारीला संकल्प सोडलेला नव्हता. पहाटे गजर लावून तो उठत नव्हता. त्याच्या दिवसाची घडणच अशी होती, की पायऱ्या चढल्याशिवाय तो दिवस पुरा होत नसे.

आपल्याकडे व्यायामाचा विचार नेमका याच्या उलट दिशेने वाढला. महाराष्ट्राला व्यायामाची मोठी परंपरा आहे. गावोगावच्या तालमी, मल्लखांब, जोर-बैठका. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी संस्थानातल्या शाळांपर्यंत नेलेले सूर्यनमस्कार. अमरावतीत १९१४ साली सुरू झालेलं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ. या परंपरेचं ऋण मी मनापासून मानते. पण तिने आपल्या मनात व्यायामाचं एक चित्र पक्कं केलं. त्यासाठी वेगळी वेळ हवी, वेगळी जागा हवी, निश्चय हवा, आणि सांगायला नको, बहुतेक वेळा तो करणारा पुरुष हवा. जिमची मासिक फी आणि मनगटावरचं घड्याळ हे त्याच चित्राचं आजचं रूप. त्यात बसता आलं नाही की माणूस स्वतःला आळशी म्हणून मोकळा होतो आणि विषय संपतो.

विषय तिथे संपू नये असं मला वाटतं, कारण मधल्या पन्नास-साठ वर्षांत आपल्या घरांतून हालचाल एकेक करून निघून गेली आहे. रहाट गेला, जातं गेलं, पाटा-वरवंटा माळ्यावर गेला. त्याबद्दल हळहळणाऱ्यांत मी नाही. पहाटे अंधारात जात्याशी बसणाऱ्या बाईच्या खांद्यांचं काय होत असेल याचा विचार केला, तर मिक्सर आणि गिरणी यांचं स्वागतच करावं लागतं. तिचे कष्ट म्हणजे आरोग्य नव्हतं. त्यात विश्रांती नव्हती, पुरेसं अन्न नव्हतं, नकार द्यायची सोय नव्हती. मात्र कष्टांबरोबर एक साधी गोष्टही गेली, जी जायची गरज नव्हती. आपण जमिनीवर बसणं सोडलं. पूर्वी जेवायला मांडी घालून बसावं लागे आणि जेवण झाल्यावर उठावं लागे. भाजी निवडायला, देवपूजेला, मुलाचा अभ्यास घ्यायला, प्रत्येक वेळी सगळ्या शरीराचं वजन मांड्यांवर तोलून वर उचललं जाई. आज पलंग, कमोड, खुर्ची, गाडीची सीट, ऑफिसातली खुर्ची, सोफा, सगळं एकाच उंचीवर आलं आहे. गुडघ्यापेक्षा खाली दिवसभरात एकदाही न जाता माणूस रात्री झोपू शकतो.

मांड्यांचे आणि नितंबांचे स्नायू शरीरातले सर्वांत मोठे. जेवणानंतर रक्तात येणारी साखर साठवण्याची सर्वांत मोठी जागा म्हणजे हे स्नायू. आणि काम करणाऱ्या, आकुंचन पावणाऱ्या स्नायूची एक खासियत अशी, की तो इन्सुलिनवर अवलंबून न राहताही साखर आत ओढून घेतो. ज्याच्या शरीरात इन्सुलिन नीट काम करत नाही, त्याच्यासाठी हा दुसरा दरवाजा फार मोलाचा आहे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली आले, त्यानुसार देशात मधुमेह असलेल्यांची संख्या दहा कोटींच्या पुढे आहे. त्यांतले सगळे जाड नाहीत. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनमधले डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला होता. दोघांचा बॉडी मास इंडेक्स अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२. वजनकाटा जे सांगत नाही ते त्या फोटोने सांगितलं. दिसायला सडपातळ असलेल्या आपल्या शरीरात स्नायू कमी आणि चरबी जास्त असू शकते, त्यामुळे ‘मला काय गरज, मी तर बारीक आहे’ हे वाक्य आपल्या देशात तरी धोक्याचं आहे.

आणि उपाय आपल्या घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगितला जात होता. जेवलास ना, आता जरा शतपावली करून ये. न्यूझीलंडमधल्या ओटागो विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ साली टाइप टू मधुमेह असलेल्या लोकांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही दिवस त्यांना सोयीच्या वेळी सलग अर्धा तास चालायला सांगितलं, आणि काही दिवस तेवढंच चालणं तीन जेवणांनंतर दहा-दहा मिनिटांत विभागून दिलं. विभागून चालल्यावर जेवणानंतरची साखर सरासरी १२ टक्क्यांनी कमी राहिली. रात्रीच्या जेवणानंतर तर २२ टक्क्यांनी. एकूण चालणं तेवढंच होतं, फक्त दिवसातली जागा बदलली होती. दिनक्रमातला छोटा बदल म्हणजे काय, याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही. शंभर पावलं मिनिटभरात संपतात, तेव्हा त्यांची हजार करायला हवीत, एवढीच दुरुस्ती.

रोज दहा हजार पावलं झालीच पाहिजेत या आकड्याची अनेकांना धास्ती असते, म्हणून तेही सांगून टाकते. तो आकडा १९६५ साली जपानी कंपनीने बाजारात आणलेल्या पावलं मोजण्याच्या यंत्राच्या नावातून आला; त्यामागे वैद्यकीय संशोधन नव्हतं. २०१९ साली अमेरिकेतल्या वयस्क स्त्रियांचा अभ्यास झाला. रोज सुमारे २,७०० पावलं चालणाऱ्यांच्या तुलनेत ४,४०० पावलं चालणाऱ्या स्त्रियांत मृत्यूचं प्रमाण बरंच कमी दिसलं आणि साडेसात हजारांच्या आसपास हा लाभ वाढायचा थांबला. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२० सालच्या मार्गदर्शक सूचनांत, निदान दहा मिनिटं सलग केलेला व्यायामच धरायचा, ही जुनी अट काढून टाकली. आठवड्याला दीडशे मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल आणि दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायाम, ही अपेक्षा आहे. तुकड्यातुकड्याने केलेलं सगळं जमेस धरलं जातं.

आता रात्री साडेनऊला कुठल्याही सोसायटीच्या आवारात उभं राहून पाहा. शतपावलीला कोण आलं आहे? निवृत्त गृहस्थ आहेत, फोनवर बोलत फेऱ्या मारणारे तरुण आहेत. त्यांच्या घरातल्या बायका वर ओट्यापाशी आहेत. उरलेली भाजी छोट्या भांड्यात काढायची आहे, दुधाला विरजण लावायचं आहे, उद्याच्या उसळीसाठी मटकी भिजत घालायची आहे, गॅस पुसायचा आहे, मुलगा नऊ पंचावन्नच्या लोकलने येणार म्हणून त्याचं ताट झाकून ठेवायचं आहे. साखर ज्या अर्ध्या तासात चढते, तोच अर्धा तास तिच्या कामाचा. २०१९ सालच्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटं देतात आणि असं काम करणारे पुरुष ९७ मिनिटं. आणि २०२४ साली ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’ने प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार पुरेशी शारीरिक हालचाल नसलेल्यांचं प्रमाण भारतात पुरुषांत ४२ टक्के तर स्त्रियांत ५७ टक्के आहे. जी दिवसभर राबते तीच हालचालीत मागे, हे दोन आकडे शेजारी ठेवले की डोकं सुन्न होतं.

‘घरकाम हाच तिचा व्यायाम’ हे तिला ऐकवलं जाणारं उत्तर. लादी पुसणं, जिना झाडणं हा व्यायाम आहेच, मी नाकारत नाही. पण अनेक घरांत ते काम आता बाहेरून येणाऱ्या मावशी करतात, आणि ओट्यापाशी दोन तास एका जागी उभं राहण्याने पोटऱ्या भरून येतात, कंबर धरते, दम मात्र लागत नाही. थकवा आला म्हणजे शरीराला व्यायाम मिळाला असं होत नाही. जिन्यावरच्या वाहकाला पाळी संपल्यावर घरी जाता येत होतं. हिची पाळी संपत नाही.

दिनक्रम बदला, सवय लावा, असं सांगणाऱ्या बहुतेक लेखनात माणूस एकटा असतो. त्याचं घड्याळ त्याच्या हातात असतं. प्रत्यक्षात घरातल्या चार माणसांचे दिनक्रम एकमेकांत इतके गुंतलेले असतात की एकाची सुटका ही दुसऱ्याची अडकवणूक असते. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी २०१० साली सवयींवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. नवी सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, कुणाला १८, तर कुणाच्या बाबतीत अंदाज थेट २५४ दिवसांपर्यंत गेला. एखादा दिवस चुकला तर फारसं बिघडत नाही, हेही त्यात दिसलं, आणि हे नेमाला घाबरणाऱ्या सगळ्यांना मोठ्याने सांगायला हवं. त्या प्रयोगात नवी कृती रोजच्या ठरलेल्या गोष्टीला जोडायची होती: जेवण झालं की चालायला जायचं, असं. पण जेवण झालं की एकाला बाहेर पडायची आठवण होते आणि दुसरीला भांड्यांची. ती दुसरी कधीच सवय लावू शकणार नाही, आणि तिने लावली नाही याचा दोष तिच्या इच्छाशक्तीला देणं अन्यायाचं आहे.

म्हणून मला दिनक्रमातला खरा छोटा बदल ओट्यापाशी दिसतो. आमच्या घरात आता जेवणानंतर कुणी एकटं आवरत नाही. प्रत्येकाने आपलं ताट विसळायचं, एकाने उरलंसुरलं काढून पातेली रिकामी करायची, एकाने ओटा पुसायचा. पाऊण तासाचं काम पंधरा मिनिटांत होतं आणि सगळे एकदम खाली उतरतात. यात क्रांतिकारक काही नाही, तरी ते रुजायला सवयीच्या कुठल्याही अभ्यासात सांगितलंय त्याहून जास्त काळ लागला, कारण बदलायची होती ती इतरांची सवय. उशिरा येणाऱ्याने आपलं जेवण आपण गरम करून घ्यायचं, यावर तर बरीच चर्चा झाली.

ताकदीचं काय, हा प्रश्न उरतो, आणि चाळिशीनंतर तो चालण्याइतकाच महत्त्वाचा आहे. आपल्याकडे ‘गुडघे गेले’ हे केस पिकल्याइतकं स्वाभाविक समजून सांगितलं जातं. १९९० साली बॉस्टनमधल्या एका वृद्धाश्रमात नव्वदीच्या घरातल्या दहा जणांना आठ आठवडे पायांच्या स्नायूंचा वजनाचा व्यायाम दिला. त्यांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. नव्वदीत हे होतं, तर पंचावन्नाव्या वर्षी ‘आता काय व्हायचंय’ म्हणायला जागाच राहत नाही. त्यासाठी यंत्रं लागत नाहीत. दूध तापेपर्यंत खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठायचं-बसायचं; आजीला जमत नसेल तर आधी हात टेकून, मग एका हाताने, मग विनाहात. सांध्यांचं दुखणं जुनं असेल तर डॉक्टरांना विचारून. भाजी निवडायला मुद्दाम खाली बसायचं, आणि त्यात घरातल्या मुलग्यांनाही ओढायचं. ज्यांना जमिनीवरून उठता येतं, त्यांच्या म्हातारपणी घरात पडल्यावर मदतीची वाट पाहत राहण्याची वेळ येण्याचा संभव कमी असतो, आणि ही भीती एकट्या राहणाऱ्या वृद्धांना रोज छळते.

घरातला बदल घरात होतो, पण खाली उतरल्यावर पाऊल ठेवायला जागा लागते. पुण्यात पर्वती आहे, दादरला शिवाजी पार्क आहे. त्यांच्या आसपास राहणारे नशीबवान. बाकीच्या शहरांत आणि तालुक्याच्या गावांत फुटपाथवर दुचाकी उभ्या असतात, दिव्याच्या खांबांमध्ये मोठा अंधार असतो, कुत्री असतात, आणि बाईमाणूस एकटं दिसलं की मुद्दाम वेग कमी करणाऱ्या गाड्या असतात. सोसायटीच्या आवाराला भिंत असते म्हणून तिथे निदान फेऱ्या मारता येतात. चाळीत आणि वस्तीत तेही नाही. रात्री साडेनऊ-दहाला कुठल्याही वयाच्या बाईला निर्धास्तपणे चालता येईल असा अर्धा किलोमीटरचा सलग, उजेडाचा, न अडलेला फुटपाथ प्रत्येक प्रभागात असायला हवा. येत्या महापालिका निवडणुकीत मत मागायला जो कुणी दारात येईल, त्याच्याकडे मी आधी तो मागणार आहे, आणि आमच्या मजल्यावरच्या तिघी-चौघींनीही तेच मागायचं ठरवलं आहे.