मोटर सावकाश फिरवताना

डोळे मिटू नका. तळहातावर माल्टचा एक दाणा घ्या. माल्ट म्हणजे मोड आणून भट्टीत वाळवलेला सातू. नाचणीसत्त्वासाठी आपण करतो तेच, धान्य तेवढं वेगळं. दाणा दाताखाली धरा, हलकेच चावा. कुर्रकन तुटतो, किंचित गोड लागतो, आणि टरफल जिभेवर राहतं. ते बोटावर घेऊन नीट पाहा. पुढचा सगळा खटाटोप या टरफलासाठी आहे.

आता मनानं अमेरिकेत घरी बिअर करणाऱ्या एखाद्याच्या गॅरेजमध्ये जा. १९७८ साली तिथले तेव्हाचे अध्यक्ष जिमी कार्टर यांनी एका कायद्यावर सही केली आणि घरगुती बिअरला तिथल्या केंद्र सरकारची आडकाठी उरली नाही. (महाराष्ट्रात १९४९चा दारूबंदी कायदा आहे, तेव्हा घरी हे करायला जाऊ नका. मननाला परवाना लागत नाही.) समोर दोन रुळांची छोटी गिरणी आहे. २० लिटर बिअरला साधारण ५ किलो माल्ट लागतं. हँडल धरा, फिरवा. पहिला किलो मजेत जातो. तिसऱ्याला खांदा भरून येतो आणि मोटरचा विचार डोक्यात शिरतो.

शिरू द्या. पण त्याआधी हात काय करत होता ते पाहा. रुळांमधली फट जेमतेम १ मिलिमीटर. हँडल एकाच रुळाला असतं. पुष्कळ गिरण्यांत दुसरा रूळ दाण्यांच्या ओढीनंच फिरतो. दाणा फटीत सापडतो, दबतो, आतला पांढरा गर तुकड्यांनी मोकळा होतो. टरफल उकलतं, पण त्याचा भुगा होत नाही. गरम पाण्यात भरड भिजली की हीच टरफलं तळाशी थर धरतात आणि गोड पाणी त्यांतून गाळून निघतं. पीठ झालं तर सगळा लगदा. भांड्याचा नळ उघडा आणि थेंब पडत नाही.

तेव्हा मोटरकडून जोर हवा, घाई नको. तिकडच्या साध्या मोटरचे फेरे मिनिटाला १७२५. त्या वेगानं रूळ फिरले तर टरफलांच्या चिंध्या होतील. म्हणून मोटरच्या दांड्यावर दीड इंची पुली, गिरणीच्या दांड्यावर बारा इंची, मधे पट्टा. मनातल्या मनात फिरवा, अगदी सावकाश. छोटी आठदा फिरते तेव्हा मोठीचा एक फेरा होतो. १७२५चे उरले सुमारे २१५. मग वेग गेला कुठे? जोरात गेला. पट्ट्याची घसर वजा केली तर फिरवण्याचा जोर जवळपास आठपट झाला, आणि अर्ध्या अश्वशक्तीची मोटरही पुरून उरते. इथे जरा रेंगाळा. काही जण गिरणीला ड्रिल लावतात. काम भागतं, पण बोट एकसारखं दाबलेलं राहत नाही. मला पुली-पट्टाच पटतो.

आता कान द्या. रिकामे रूळ खडखडतात. दाणे पडले की आवाज जड होतो. हाच क्रम ठेवा : आधी मोटर, मग दाणे. रुळांवरची दाण्यांची पेटी भरून बटण दाबलंत तर मोटर जागीच अडेल. बिअर आंबत असेल तिथे भरडू नका. माल्टच्या धुळीत आंबटपणा आणणारे जिवाणू असतात. आणि पट्ट्यावर जाळी बसवल्याशिवाय बटणाला हात लावू नका.