बिनदोऱ्याची शिलाई

अंधेरी पूर्वेला एक छोटी ख्रिस्ती संस्था होती. अडलेल्या बायका-मुलींना ती हात देई. कुणाला शाळेची फी, कुणाला महिन्याचं धान्य, कुणाला शिलाई मशीन. मार्च संपत आला की खजिनदार वह्या काढून बसत. माणूस कडक. पण असा एक तरी माणूस संस्थेत लागतोच; नाहीतर दया पुष्कळ आणि पावत्या गहाळ, अशी गत होते.

त्या वर्षी एका नावापाशी त्यांचं बोट अडलं. असल्फ्याच्या टेकडीवरची एक विधवा. मशीन नेऊन वर्ष झालं होतं आणि कमाईच्या रकान्यात जेमतेम फॉल-पिकोचे पैसे.

"ही मशीन परत आणू आणि चालवणारीला देऊ," ते संस्थेच्या मोठ्या बाईंना म्हणाले. "देणगीदारांना दाखवायचं काय?"

बाई मूळच्या नगरकडच्या. त्या म्हणाल्या, "आणायची तर आणा. पण आधी दुपारच्या वेळी जाऊन बघा. आणि निघण्यापूर्वी केडगावची गोष्ट ऐका."

"पंडिता रमाबाईंनी 11 मार्च 1889 ला मुंबईत शारदा सदन उघडलं. अमेरिकेतल्या मंडळींनी दहा वर्षं खर्च उचलायचं कबूल केलं होतं. पुढे काय, ही काळजी होतीच. म्हणून रमाबाईंनी पुणे जिल्ह्यात केडगावला जमीन घेऊन फळबाग लावली. तेवढ्यात मध्य प्रांतात दुष्काळ पडला. रमाबाईंचे आईवडील दुष्काळातच गेलेले. त्यांना स्वस्थ बसवेना. 1897 साली त्या तिकडे गेल्या आणि शेकडो भुकेल्या मुली घेऊन आल्या. शारदा सदन तोवर पुण्याला हललं होतं; पण पुण्यात प्लेग होता, तिथे एवढ्या जणींना ठेवता येईना, म्हणून मुली केडगावच्या शेतावर गेल्या. जमीन घेतली होती उत्पन्नासाठी, कामाला आली निवाऱ्याच्या. त्या वर्षाच्या वहीत निव्वळ खर्चच दिसला असेल, नाही का?"

खजिनदार गप्प.

"आणि 1900 च्या सुमारास गुजरातेत दुष्काळ पडला, तेव्हा तिथल्या पोरी आणायला केडगावच्या त्या शेतावर उभ्या राहिलेल्या मुक्ती सदनातल्याच बायका गेल्या. आलेल्यांना न्हाऊ घालायला, भरवायला आधी आलेल्याच पुढे झाल्या. जिला दिलं तिने पुढे दिलं, म्हणजे दिलेलं बुडालं नाही. गोष्टीचं तात्पर्य एवढंच. आता जा."

खजिनदार मेट्रोने गेले. गाडीतून असल्फ्याची रंगवलेली घरं सुरेख दिसतात. पायऱ्या चढायला लागलं की रंगांपेक्षा पाण्याची पिंपंच जास्त दिसतात. वर पोचेपर्यंत त्यांना धाप लागली.

मशीन दाराशीच होती, पण तिच्यावर ती बाई नव्हती. एक शाळकरी मुलगी सुईत दोरा न घालता वहीच्या आखीव कागदावर मशीन चालवत होती. दोरा नको, कापड नको. रेघेवर सुई चालली की हात बसतो. मागे दोघी पाळीची वाट बघत उभ्या. बाई सकाळी घरोघरची धुणीभांडी करी, दुपारी या पोरींना शिकवी आणि स्वतःचं शिवण उरलंच तर रात्री.

"फी किती घेता?" खजिनदारांनी विचारलं.

"फी?" ती हसली. "माझ्याकडून तुम्ही घेतली होती का, भाऊ?"

एक मुलगी शिकून गेलीसुद्धा होती. खालच्या गल्लीतल्या टेलरकडे ती आता कुर्ते शिवायची, आणि तिच्या आईने कामाचं एक घर सोडलं होतं. खजिनदारांनी सवयीने पेन काढलं. पण ही मुलगी संस्थेच्या यादीत नव्हती, तिचे पैसे लिहायचे कुठल्या रकान्यात? मग त्यांनी वहीच्या मागच्या कोऱ्या पानावर लिहायला सुरुवात केली.

"तुम्ही मशीन न्यायला आलात, असं खाली कुणीतरी म्हणालं," बाई म्हणाली.

"आलो होतो."

"मग नेऊ नका, आणखी एक आणा. या तिघी पाळीवरून रोज भांडतात. आणि हिचा पट्टा बघा, सारखा घसरतो."

खजिनदारांनी वाकून पट्टा चाचपला. खरंच सैल होता.

"जुनी चालेल?"

"चालेल. पण मोटरची नको, पायाचीच आणा. इथे लाइट जाते."