वीस मिनिटांचं परकेपण

भाषाशिक्षणाचे अमेरिकी अभ्यासक स्टीफन क्रॅशन आपल्या व्याख्यानांत एक प्रात्यक्षिक करत. समोर इंग्रजी जाणणारे श्रोते, त्यांत बरेच शिक्षक. पहिला धडा म्हणून क्रॅशन जर्मनमध्ये बोलू लागत. हातवारे नाहीत, चित्र नाही, नुसतं बोलणं. थोड्या वेळानं ते इंग्रजीत विचारत, की हेच पुन्हा सांगितलं तर कळेल का? मोठ्या आवाजात सांगितलं तर? श्रोते हसत. मग दुसरा धडा. भाषा जर्मनच, पण आता ते स्वतःच्या डोक्याला हात लावत, चेहऱ्याचं चित्र काढत, डोळे-कान-तोंड दाखवत एकेक शब्द सांगत. एवढ्यात पाटी कोरी असलेल्यांनाही बरंच कळू लागे.

अमेरिकेत दुसरी भाषा घरी बोलणारी मुलं ज्यांच्या वर्गात येतात, त्या शिक्षकांच्या प्रशिक्षणात असे परक्या भाषेतले धडे मुद्दाम ठेवले जातात. मुलाच्या जागी थोडा वेळ बसून बघा, हा त्यामागचा हेतू.

अशा धड्यात मोठी माणसं कशी वागतात हे पाहण्यासारखं असतं. सुरुवातीला ती कान देऊन ऐकतात. मग शेजाऱ्याच्या वहीत डोकावतात. मार्गदर्शकानं नजर वळवली की काही न कळताही मान डोलावतात. कुणी कागदावर रेघोट्या मारू लागतो, कुणी घड्याळ बघतो, एखादा कुजबुजत विनोद करतो आणि एखादा चक्क वैतागतो. आता शिक्षकांच्या खोलीत मुलांविषयी काय बोललं जातं ते आठवा. ‘लक्षच नसतं त्याचं.’ ‘शेजारच्याचं बघून लिहितो.’ ‘विचारलं तर हो ला हो करते, येत काहीच नाही.’ ‘पालथ्या घड्यावर पाणी.’ मुलाच्या स्वभावावर किंवा बुद्धीवर आपण जे शेरे मारतो, तेच पदवीधर माणसाच्या वागण्यात इतक्या लवकर उतरतं. मग तो दोष मुलाचा कसा, असा प्रश्न त्या खोलीत बसलेल्याला पडला, तर धडा निम्मा सार्थकी लागला.

उरलेला निम्मा अवघड आहे. परक्या भाषेत गुदमरलेल्या शिक्षकाला मुलाची कीव येते, आणि कीव ही तशी स्वस्त भावना आहे. वीस मिनिटांनी धडा संपतो, चहा येतो, सगळे आपापल्या भाषेत गप्पा मारू लागतात. नापास कुणी होणार नसतं, पगार कुणाचा थांबणार नसतो. मुलाचा तास मात्र जूनपासून एप्रिलपर्यंत चालतो. शिवाय कीव आली की अपेक्षा आपोआप खाली येतात. ‘बिचाऱ्याला कळत नाही, जाऊ द्या’ म्हणत त्याला सोपी गणितं दिली जातात, मागच्या बाकावर बसू दिलं जातं, वर्गामागून वर्ग पुढे ढकललं जातं. रागावणाऱ्या शिक्षकापेक्षा कनवाळू शिक्षकानं केलेलं हे नुकसान लवकर दिसत नाही, एवढाच फरक.

म्हणून खरा नैतिक प्रश्न असा, की न कळण्याची जबाबदारी कोणाची? सॅन फ्रान्सिस्कोतली चिनी वंशाची, इंग्रजी न येणारी मुलं हा प्रश्न घेऊन अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेली होती. अशा सुमारे 1,800 मुलांना इंग्रजी समजण्यासाठी शाळांतून कुठलीही खास मदत मिळत नव्हती. शाळांची बाजू साधी होती. सगळ्यांना तीच पुस्तकं, तेच शिक्षक, तोच अभ्यासक्रम. भेदभाव कुठे आहे? 1974 मध्ये ‘लाऊ विरुद्ध निकल्स’ या खटल्यात न्यायालयानं एकमतानं निकाल मुलांच्या बाजूनं दिला. ज्याला भाषाच कळत नाही, त्याला इतरांसारखंच पुस्तक हातात दिल्यानं समानता येत नाही, हा त्या निकालाचा गाभा. सर्वांना सारखं वागवून अन्याय करता येतो, हे आपल्यालाही पचायला जडच जातं.

हा प्रश्न आपल्याकडे शोधायला लांब जावं लागत नाही. मेळघाटात, धारणी आणि चिखलदरा तालुक्यांत, पहिलीत येणारी अनेक मुलं घरी कोरकू बोलतात. गडचिरोलीत गोंडी आणि माडिया, नंदुरबारमध्ये भिल्ली आणि पावरी. यांतली कोरकू ही झारखंडातल्या संथाळी, मुंडारीच्या कुळातली; मराठीशी तिचं रक्ताचं नातं नाही. मराठीत नामाला तीन लिंगं. कोरकूत वाटणी वेगळी, सजीव आणि निर्जीव अशी. मग ते मूल ‘तो पुस्तक’ म्हणतं आणि वहीवर लाल रेघ उमटते. आणखी एक गंमत पाहा. ‘देवः देवौ देवाः’ घोकताना आपल्या आठवीतल्या मुलांच्या नाकी नऊ येतात, कारण मराठीत द्विवचन नाही. कोरकूत ते आहे. दोन माणसं आणि पुष्कळ माणसं यांतला फरक सहा वर्षांचं कोरकू पोर खेळता खेळता व्याकरणात सांभाळतं. आणि त्याच पोराला आपण ‘भाषा येत नाही’ म्हणतो.

म्हणून आपल्या प्रशिक्षणांत असा धडा ठेवायचा झाला, तर तो जर्मनमध्ये घेऊ नये. मेळघाटात तो कोरकूत व्हावा, भामरागडमध्ये माडियात. आणि तो शिकवावा गावातल्याच एखाद्या आईनं किंवा अंगणवाडीताईनं. जर्मन धड्यातून शिक्षकाला एवढंच कळतं, की न समजणं किती त्रासाचं असतं. कोरकू धड्यात त्याला त्याबरोबर आणखी एक गोष्ट दिसते: ज्या बाई पालकसभेत कोपऱ्यात गप्प बसतात, त्या आज फळ्यापाशी उभ्या आहेत आणि आपण अडखळतोय. इथे कीव संपते आणि आदर सुरू होतो. मुलाला आपल्या दयेपेक्षा या आदराची गरज जास्त आहे.

शिक्षकांच्या अडचणी खऱ्या आहेत. बदली कुठे होईल सांगता येत नाही, एकाच वर्गात दोन-तीन भाषांची मुलं असतात, माहिती भरण्याची कामं संपत नाहीत. भाषेची सोय करणं हे एकट्या गुरुजींचं काम नव्हेच. प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिक्षणाची पुरेशी सोय करण्यासाठी राज्यांनी प्रयत्न करावेत, असं 1956 साली समाविष्ट झालेलं संविधानाचं कलम 350 क सांगतं. 2009 चा शिक्षण हक्क कायदा आणि 2020 चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरणही ‘शक्य तेवढं’ म्हणत तेच सांगतात. मात्र या ‘शक्य तेवढं’च्या आड यंत्रणा लपू शकते, तसा माणूसही लपू शकतो.

वर्गात लगेच करता येण्यासारखं बरंच असतं. नवा धडा सुरू करण्याआधी त्यातल्या वस्तू दाखवाव्यात, त्यांना घरी काय म्हणतात ते मुलांना विचारावं आणि तो शब्द देवनागरीत फळ्यावर मराठी शब्दाशेजारी लिहावा. चौथीतल्या ताईला पहिलीतल्या भावाला कोरकूत समजावू द्यावं. वर्गात घरची भाषा बोलल्याबद्दल ओरडू नये. यानं मराठी मागे पडत नाही. उलट मुलाला तिच्याकडे यायला वाट मिळते.

प्रशिक्षण संपलं की अभिप्रायाचा कागद फिरतो आणि बहुतेक जण ‘मुलांच्या अडचणीची जाणीव झाली’ असं लिहून सही करतात. जाणीव झाली हे चांगलंच. पण दिवाळीपर्यंत त्या गुरुजींना मुलांकडून शिकलेली चार वाक्यं बोलता येतात का, हे कुणीतरी वर्गात जाऊन विचारायला हवं. मुलानं मराठीकडे शंभर पावलं टाकावीत अशी अपेक्षा असेल, तर आपण त्याच्या दिशेनं निदान पाच टाकायला हवीत.