ताटातली चरबी, ताटावरचा माणूस

वाशीम जिल्ह्यात रिसोडपासून मानोऱ्यापर्यंत खरीप म्हणजे सोयाबीन. मळणी झाली की माल बाजार समितीत, तिथून गिरणीत. तेल आपल्या फोडणीला, पेंड कोंबड्या-जनावरांना. जपानी माणूस हेच सोयाबीन गव्हाबरोबर आंबवून शोयू करतो आणि त्यात डुकराच्या पोटाचं मटण शिजवतो. त्या पदार्थाचं नाव काकुनी.

कृती सबुरीची आहे. चरबीचे पदर असलेले जाड तुकडे आलं आणि कांद्याची पात घालून मंद आचेवर दोनेक तास उकळतात. पाणी निवल्यावर वर थिजलेली चरबी काढून टाकतात. मग शोयू, साखर आणि तांदळाच्या दारूत तुकडे पुन्हा मुरवतात. चिवट कोलॅजेनचं जिलेटिन होतं आणि तुकडा नुसत्या काडीने तुटतो.

पोषणाचा हिशेब मात्र कडक आहे. या कच्च्या मटणाच्या 100 ग्रॅममध्ये सुमारे 518 कॅलरी, 53 ग्रॅम चरबी आणि प्रथिनं जेमतेम 9 ग्रॅम. तेवढ्याच वाळल्या सोयाबीनमध्ये प्रथिनं त्याच्या चौपट. म्हणून काकुनीचे भातासोबत दोन-तीन तुकडेच खावेत. शिवाय डुकराचं मटण कच्चं राहिलं तर फीतकृमीची भीती असते. हे आक्षेप खरे आहेत आणि ते कोणाच्याही ताटाला लागू पडतात.

आपल्याकडचा आक्षेप मात्र बहुतेकदा आहाराचा नसतो, जातीचा असतो. शाहू पाटोळे यांनी 2015 मध्ये ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या पुस्तकात मराठवाड्यातल्या महार-मांगांची खाद्यसंस्कृती नोंदवली, तोवर ती मराठी पाककृतींच्या पुस्तकांत जवळपास नव्हतीच. पुण्या-मुंबईच्या हॉटेलांत डुकराचं मटण महागड्या थाळीत येतं. वस्तीतल्या मुलाला मात्र घरी काय शिजलं ते शाळेत सांगताना जीभ अडखळते.

जपानातही जनावरं सोलणाऱ्यांना, कातडी कमावणाऱ्यांना अस्पृश्य मानत. 1871 मध्ये सरकारने त्यांचा हीन दर्जा रद्द केला. 1872 मध्ये सम्राट मेइजींनी गोमांस खाल्ल्याचं जाहीर झालं. मांसाला राजमान्यता मिळाली, पण पूर्वी अस्पृश्य मानलेल्या या माणसांना लग्नात आणि नोकरीत भेदभाव पुढेही सोसावा लागला.

म्हणून पदार्थ प्रतिष्ठित झाला की प्रश्न सुटला, असं मानून चालणार नाही. चरबी मोजायची तर सगळ्यांच्या ताटातली मोजू या. ताटावर बसलेल्या माणसाची किंमत त्यावरून ठरवण्याचा हक्क कोणालाच नाही.