वाया गेलेलं तेल

सणाचं तळण उरकलं की कढईत काळपट तेल उरतं. ते पुन्हा पुन्हा तापवून खाणं घातक. म्हणूनच तापवण्याने त्यात वाढत जाणारे ध्रुवीय घटक २५ टक्क्यांवर गेले की ते तेल खाण्यासाठी वापरू नये, असा नियम १ जुलै २०१८ पासून देशभर लागू आहे. मोरीत ओतावं, तर पाईप तुंबतो.

पण याच तेलाचा साबण होतो. तेल गाळून, वजन करून घ्यायचं. त्या हिशेबाने तोललेला कॉस्टिक सोडा हळूहळू पाण्यात सोडायचा. सोड्यावर पाणी मात्र कधीच ओतायचं नाही, ते उसळून अंगावर येतं. हातमोजे, चष्मा हवेतच. ॲल्युमिनियमचं भांडं नको. निवलेलं द्रावण तेलात घालून घोटलं, की मिश्रण श्रीखंडासारखं दाटतं. मग गवती चहाच्या सुगंधी तेलाचे थेंब टाकून साच्यात ओतायचं. वड्या चार ते सहा आठवडे वाऱ्यावर सुकल्या, की कपड्यांना, फरशीला उत्तम.

गंमत पाहा. तेल डाग पाडतं, सोडा कातडी भाजतो. दोघं नेमक्या प्रमाणात एकत्र आले, की डाग काढणारी वस्तू जन्मते. प्रमाण चुकलं किंवा घाई केली, तर तोच साबण हात सोलतो.

माणसांचंही असंच असतं. कुणाला ‘वाया गेला’ म्हणण्याआधी त्याला योग्य सोबत आणि पुरेसा अवधी आपण दिला का, हे स्वतःला विचारायला हवं.