चकाकीच्या आधीचा आवाज

मॉटली क्रू या लॉस एंजेलिसच्या बँडचा 'टू फास्ट फॉर लव्ह' हा पहिला अल्बम १० नोव्हेंबर १९८१ रोजी निघाला, तेव्हा त्याच्या पहिल्या आवृत्तीच्या जेमतेम ९०० प्रती काढल्या होत्या. पाठीशी कुणी बडी कंपनी नव्हती. व्यवस्थापक अ‍ॅलन कॉफमन यांना हाताशी धरून बँडने 'लेदर रेकॉर्ड्स' नावाचे घरचेच लेबल उभे केले होते. ग्लॅम मेटल म्हणजे कंपन्यांनी पैसा ओतून सजवलेला माल, ही समजूत पुढे घट्ट रुजली. या प्रकाराच्या अगदी सुरुवातीच्या अल्बमांपैकी एकाची हकिगत मात्र तिच्याशी जुळत नाही.

बँड १९८१ च्या जानेवारीत जमला. बास वाजवणारा निकी सिक्स 'लंडन' हा बँड सोडून आलेला, ड्रमर टॉमी ली विशीही न गाठलेला. गिटारवादक मिक मार्स त्यांच्याहून बराच मोठा, तिशीला टेकलेला. आपण कर्कश, उद्धट आणि आक्रमक वाजवतो, अशी त्याने स्वतःचीच जाहिरात दिली होती. गायक विन्स नील सर्वांत शेवटी आला. सनसेट स्ट्रिपवरच्या क्लबांत वाजवत वर्ष सरायच्या आत त्यांनी अल्बम पुरा केला. हिट सिटी वेस्ट स्टुडिओतले ध्वनिमुद्रण थोड्याच दिवसांत उरकले आणि मिश्रण जर्मन तंत्रज्ञ मायकेल वागनर यांनी केले.

ही घाई ऐकू येते आणि अल्बमचे खरे बळ तिच्यातच आहे. 'लाइव्ह वायर' सुरू होते ती मार्सच्या गिटारच्या दाबून छेडलेल्या, धापा टाकणाऱ्या तुकड्याने. पुढे एका जागी सगळा गलका ओसरतो आणि लीच्या काउबेलची ठणठण वर येते. नीलचा आवाज पातळ आहे, सूर जागोजागी ओढाताणीचा. पण रस्त्यावरच्या पोराची बेफिकिरी त्यात जशी उतरली आहे, तशी तयारीच्या गळ्यात उतरली नसती. चाली पाहाव्यात तर त्या गोड आहेत. चीप ट्रिक आणि स्वीट या बँडांकडून आलेला हा गोडवा पंकच्या वेगावर स्वार होतो. जवळजवळ सगळी गाणी सिक्सने लिहिली. शेवटचे 'ऑन विथ द शो' फ्रँकी नावाच्या तरुणाच्या मृत्यूने उघडते. सिक्सचे जन्मनाव फ्रँक फेराना होते आणि ते त्याने रीतसर बदलले होते, हे ठाऊक असले की हे गाणे एका माणसाने स्वतःला दिलेला निरोप ठरते. भडक रंगरंगोटीमागे काय दडले होते, हे अल्बमभर इतके उघडपणे दुसरीकडे कुठेच दिसत नाही.

मुखपृष्ठावर काळ्या चामडी पँटीतल्या नीलच्या कमरेचा भाग तेवढा दिसतो, चेहरा नाही. रोलिंग स्टोन्सच्या १९७१ च्या 'स्टिकी फिंगर्स'ला दिलेली ही उघड सलामी होती.

छोट्या लेबलवर अल्बमचा खप २० हजारांच्या घरात गेला, असे सांगितले जाते. क्लबबाहेरची गर्दी पाहून इलेक्ट्रा कंपनीच्या टॉम झुटॉट यांचे लक्ष गेले आणि करार झाला. क्वीनच्या ध्वनिमुद्रणांसाठी नावाजलेल्या रॉय थॉमस बेकर यांच्याकडून नवे मिश्रण करवून कंपनीने ऑगस्ट १९८२ मध्ये अल्बम पुन्हा काढला. गाण्यांचा क्रम बदलला, 'स्टिक टू युवर गन्स' वगळले गेले. बेकर यांच्या हाताखाली वाद्ये सुटी आणि स्वच्छ झाली, यात शंका नाही. तरीही लेदरच्या तबकडीत चौघे एकाच खोलीत दाटीवाटीने वाजवत असल्याचा जो भास होतो, तो या सफाईत विरळ झाला. अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत अल्बम ७७ व्या क्रमांकापर्यंत चढला तो या दुसऱ्या रूपात, आणि बहुतेक श्रोत्यांना पुढची अनेक वर्षे तेवढेच रूप माहीत होते.