गाठ कोणी मारायची?

प्रोग्रॅममध्ये फंक्शनचे नुसते नाव लिहिलेले असते. ते नाव आणि ते काम करणारा प्रत्यक्ष कोड यांची गाठ कुठेतरी मारावी लागते आणि ते काम लिंकर करतो. प्रोग्रॅम तयार होतानाच गाठ मारली, तर लायब्ररीतला लागणारा भाग त्या फाइलमध्ये कायमचा उतरतो. हे स्टॅटिक लिंकिंग. नाव तसेच ठेवून गाठ प्रोग्रॅम सुरू होताना किंवा चालू असताना मारली, तर ते डायनॅमिक लिंकिंग. या दुसऱ्या पद्धतीबद्दल अलीकडे एक युक्तिवाद सर्रास कानावर येतो: ती मेमरी वाचवण्यासाठी निघाली, मेमरी आता स्वस्त झाली, तेव्हा प्रत्येक प्रोग्रॅमने आपली शिदोरी आपणच बांधून आणावी. कंटेनर, फ्लॅटपॅक, स्नॅप, गो भाषेतल्या एकसंध फाइली अशा सगळ्यांच्या बाजूने हेच कारण पुढे केले जाते. या पद्धतींना स्वतःची चांगली कारणे आहेत, पण हे त्यांतले नव्हे.

कल्पनेचा पहिला ठसठशीत अवतार मल्टिक्स. एमआयटी, बेल लॅब्ज आणि जनरल इलेक्ट्रिक यांनी १९६०च्या दशकाच्या मध्याला हाती घेतलेल्या या प्रणालीत प्रोग्रॅम म्हणजे नावे असलेल्या सेगमेंटांचा समूह. एका सेगमेंटाने दुसऱ्याला पहिल्यांदा हाक मारली की यंत्र अडखळत असे. प्रणाली ठरलेल्या क्रमाने डिरेक्टऱ्या धुंडाळून ते नाव शोधी, पत्ता भरी आणि काम पुढे चालू होई. दुसऱ्या खेपेला शोधाशोध नसे. डेली आणि डेनिस यांच्या १९६८च्या लेखात ही यंत्रणा तपशिलाने मांडली आहे. एकच प्रत अनेकांनी वापरणे हा तिथला एक हेतू होताच. पण शोधाचा क्रम बदलून वापरणाऱ्याला स्वतःची प्रत पुढे घालता येत असे, ही गोष्ट मेमरीच्या हिशेबात बसत नाही. सुरुवातीला हा लिंकर प्रणालीच्या सर्वाधिक अधिकारांच्या भागात बसलेला होता आणि वापरणाऱ्याने दिलेला मजकूर तिथे बसून वाचत होता. तो तिथून बाहेर कसा काढावा यावर फिलिप जॅन्सन यांनी १९७४मध्ये एमआयटीत प्रबंध लिहिला. अधिकाराचा प्रश्न तेव्हापासूनचा आहे.

बेल लॅब्ज १९६९मध्ये मल्टिक्समधून बाहेर पडली आणि युनिक्स आले, तेही स्टॅटिक लिंकिंग घेऊन. प्रोग्रॅम लहान होते, कोणाची अडचण झाली नाही. विंडोजची पहिली आवृत्ती १९८५मध्ये २५६ किलोबाइटच्या यंत्रावर चालायची होती. तिथे डीएलएलचे, म्हणजे डायनॅमिक लिंकिंगच्या लायब्रऱ्यांचे, प्रयोजन खरोखरच जागेची टंचाई हे होते. प्रचलित समजाला आधार हवा असेल तर तो इथे आहे, युनिक्समध्ये नाही.

युनिक्समध्ये जे घडले ते मात्र बहुतेक जण उलटे वाचतात. १९८०च्या दशकात चित्रमय पडदे आले, त्यांच्या लायब्रऱ्या अगडबंब झाल्या आणि मेमरी वाचवण्यासाठी सन कंपनीने १९८८च्या सनओएस ४.०मध्ये शेअर्ड लायब्रऱ्या आणल्या, अशी ती कथा. तिच्यात एक अडचण आहे. मेमरी त्याआधीच वाचली होती.

एटी अँड टीच्या सिस्टिम फाइव्हच्या तिसऱ्या आवृत्तीत शेअर्ड लायब्ररी होती. प्रत्येक लायब्ररीला मेमरीत एक कायमचा पत्ता नेमून दिलेला असे आणि प्रोग्रॅममध्ये तो पत्ता थेट कोरलेला असे. लायब्ररीच्या सुरुवातीला उड्यांचा एक तक्ता: सतरावी उडी या फंक्शनकडे, अठरावी त्या. मेमरीत प्रत एकच, सुरू होताना शोधाशोध जवळपास नाही. लिनक्सनेही सुरुवातीची काही वर्षे हाच मार्ग धरला होता. कोणता पत्ता कोणत्या लायब्ररीचा याची गावच्या सातबाऱ्यासारखी नोंद ठेवावी लागे. तक्त्यातला क्रम बदलला किंवा एखाद्या लायब्ररीचा आकार नेमलेल्या जागेबाहेर गेला की जुने प्रोग्रॅम कोसळत. जागा वाचवणे एवढाच उद्देश असता, तर गोष्ट इथेच संपायला हरकत नव्हती.

सनने याच्या पुढे जाण्यासाठी बरीच किंमत मोजली. गिंगेल आणि सहकाऱ्यांनी १९८७च्या युझनिक्स परिषदेत मांडलेल्या रचनेत लायब्ररीचा कोड कुठल्याही पत्त्यावर चालेल असा बनवावा लागतो. असा कोड त्या काळच्या यंत्रांवर संथ चाले. लायब्ररीतल्या फंक्शनकडे जाणारी हाक थेट न जाता एका मधल्या तक्त्यातून जाते आणि पहिल्या हाकेला तिथे खरा पत्ता भरला जातो, म्हणजे मल्टिक्सचीच युक्ती. गाठ मारणारा लिंकर कर्नलमध्ये, म्हणजे प्रणालीच्या सर्वाधिक अधिकारांच्या भागात, नाही. तो साधा प्रोग्रॅम आहे आणि कर्नल त्याला फक्त फाइल मेमरीत मांडून देण्याची सोय पुरवतो. प्रोग्रॅम सुरू व्हायला जास्त वेळ लागे, ते वेगळेच. हा सगळा खर्च मेमरी वाचवल्यानंतरचा आहे. त्याच्या बदल्यात मिळाले ते एवढेच की लायब्ररीची फाइल बदलावी आणि तिच्यावर विसंबलेला प्रत्येक प्रोग्रॅम, त्याचा सोर्स कोड हाताशी नसला तरी, पुढच्या वेळी नव्या कोडशी जोडला जावा. डीएलओपन या फंक्शनमुळे तर कोणती लायब्ररी घ्यायची हे प्रोग्रॅमला चालता चालता ठरवता येऊ लागले. गाठ मारण्याचा हक्क प्रोग्रॅम बांधणाऱ्याकडून तो चालवणाऱ्याकडे आला. सनओएसने आणलेला बदल हा आहे.

‘डीएलएल हेल’चा दाखला इथे हटकून दिला जातो. विंडोजमध्ये एखादा प्रोग्रॅम बसवताना त्याचा इन्स्टॉलर सिस्टिम फोल्डरमधल्या सामायिक फाइलीवर आपली जुनी प्रत खुशाल लिहून मोकळा होई आणि भलतेच प्रोग्रॅम बंद पडत. हा दोष उशिरा गाठ मारण्याचा नाही. सामायिक फाइल कोणी बदलावी याला धरबंधच नव्हता. विंडोज २०००पासून सिस्टिमच्या फाइली राखल्या जाऊ लागल्या आणि एक्सपीत एकाच लायब्ररीच्या अनेक आवृत्त्या शेजारी शेजारी नांदू लागल्या. स्वतःची प्रत बाळगण्याचेही परिणाम असतात. देवनागरी जोडाक्षरे जुळवणारी यूएसपी१० ही डीएलएल विंडोजची एक आणि ऑफिसच्या फोल्डरातली वेगळी अशी असे. त्यामुळे एकाच संगणकावर एकच मराठी मजकूर वर्डमध्ये एक आणि नोटपॅडमध्ये दुसरेच रूप घेऊ शकत असे.

हक्क चालवणाऱ्याकडे असणे म्हणजे काय, हे २०१०मध्ये जवळून पाहायला मिळाले. फेडोरा १४वर फ्लॅशमधला आवाज खरखरू लागला. कारण निघाले ग्लिबसी या लिनक्सवरच्या सी लायब्ररीतले मेमकॉपी हे मजकुराची नक्कल करणारे फंक्शन. काही इंटेल प्रोसेसरांसाठीची त्याची नवी, वेगवान आवृत्ती मजकूर शेवटाकडून उचलत होती आणि फ्लॅश तिला एकमेकांवर चढलेले दोन तुकडे देत होता. असे तुकडे मेमकॉपीला द्यायचे नसतात, त्यासाठी मेममूव्ह आहे. चूक फ्लॅशचीच, पण त्याचा सोर्स बंद. लिनस टोरवाल्ड्स यांनी छोटेसे पर्यायी मेमकॉपी लिहिले आणि एलडी_प्रीलोडच्या साहाय्याने मूळ लायब्ररीच्या आधी वाढून दिले. आवाज सुधारला. पुढे ग्लिबसी २.१४ने कायमची तोड काढली. नव्या प्रोग्रॅमांना नवे मेमकॉपी मिळते, तर जुन्यांना त्याच नावाखाली मेममूव्हसारखे सावध काम करणारे. एका लायब्ररीत एका नावाची दोन फंक्शने, आणि हाक मारणारा कोणत्या काळात बांधला गेला ते पाहून गाठ.

सुरक्षेत हा फरक आणखी ठळक होतो. २००२मध्ये झेडलिबमध्ये मोठी चूक सापडली, तेव्हा सामायिक लायब्ररी एका दिवसात बदलता आली. पण आरसिंकसारख्या प्रोग्रॅमांनी आणि लिनक्स कर्नलनेही तिची आपापली प्रत पोटात घेतली होती. ती प्रत्येक प्रत हुडकून दुरुस्त करावी लागली. २०१४मध्ये सापडलेल्या हार्टब्लीड या चुकीच्या वेळी ओपनएसएसएलची एक फाइल बदलणे पुरले, तरी पूर्णपणे नाही. आधीपासून चालू असलेला सर्व्हर मेमरीतल्या जुन्या प्रतीवरच राहतो. त्याच्या मेमरीच्या नकाशात त्या फाइलीपुढे ‘डिलीटेड’ अशी खूण दिसते आणि सर्व्हर पुन्हा सुरू करेपर्यंत भोक उघडेच. गूगलसारख्या ठिकाणी बहुतेक सगळा कोड एका भांडारात असतो आणि तो पुन्हा बांधणारे हातही घरचेच. तिथे गो भाषेतली एकसंध फाइल शोभते. इतरांची मात्र दुसऱ्याने पुन्हा बांधून देण्याची वाट पाहण्यावाचून गत नसते.

उशिरा मारलेल्या गाठीचा धोका २०२४च्या मार्चमध्ये उघड झाला. दूरस्थ लॉगिन सांभाळणाऱ्या ओपनएसएसएचला एक्सझेड ही फाइली आवळणारी लायब्ररी लागतच नाही. डेबियनसारख्या काही वितरणांनी सर्व्हर सुरू झाल्याची वर्दी देण्यासाठी त्याला सिस्टिमडीची लायब्ररी जोडली होती आणि तिच्या मागून एक्सझेडची आत येत होती. प्रोसेसर पाहून फंक्शनची योग्य आवृत्ती निवडता यावी म्हणून लिंकर लायब्ररीला गाठी मारून होण्याआधीच थोडा कोड चालवू देतो. एक्सझेडच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांतल्या छुप्या कोडने नेमकी ही सवड साधली आणि आरएसए तपासणीच्या फंक्शनची गाठ स्वतःकडे वळवली. लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतो, एवढ्या धाग्यावरून आंद्रेस फ्रॉइंड यांनी हे पकडले. ती लायब्ररी स्टॅटिक जोडलेली असती, तरी विषारी कोड बांधतानाच आत आला असता. दोष जोडण्याच्या वेळेचा नव्हता. लागत नसलेली वस्तू जोडली गेली होती.

सिस्टिमडीत तेव्हा असे विनाकारणचे जोड कमी करण्याचे काम सुरूच होते. २५६व्या आवृत्तीपासून एक्सझेडची लायब्ररी डीएलओपनने, खरोखर गरज पडेल तेव्हाच उघडली जाते. त्यातून नवी अडचण आली. अशी लायब्ररी प्रोग्रॅमच्या अवलंबनांच्या यादीत दिसत नाही, त्यामुळे पॅकेज बांधणाऱ्याला ती ठाऊकच होत नाही. म्हणून आता त्या फाइलीतच एका वेगळ्या टिपणीच्या भागात लिहून ठेवतात, की ही लायब्ररी पुढेमागे उघडली जाऊ शकेल आणि ती असणे आवश्यक आहे, इष्ट आहे की नुसते सुचवलेले आहे.